इझली नाई, बसली हाय

आग विझली की बाकीचे हुश्श करून खाली बसायचे आणि आमचे जमादार गमबूट काढायचे. आधी डावा, मग उजवा. मोजे बुटात कोंबायचे, पँट पोटरीपर्यंत दुमडायची आणि अनवाणी पायांनी त्या ओल्या, काळ्या कापसाच्या गंजीवर चढायचे. घटकाभरापूर्वी तिच्यातूनच ज्वाळा निघत असायच्या. एकेक पाऊल दाबत चालायचे. मधेच थांबून डोळे मिटायचे. जिनिंगचा, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचा मालक, मुनीम, हमाल, रस्त्यावरचे रिकामटेकडे, सगळे माना वर करून उभे. मग वरून आवाज यायचा, "इझली नाई. बसली हाय."

मी त्या बंबाचा ड्रायव्हर. आता रिटायर झालो. जठारपेठेत पोराच्या घरी राहतो, नातवाच्या सायकलची चेन बसवतो आणि पेपर वाचून चिडतो. पण जन्म गेला तो अकोल्याच्या बाहेर, पातूर रोडच्या अंगाला असलेल्या अग्निशमनाच्या उपकेंद्रात. उपकेंद्र म्हणजे तुम्हाला काही भव्य वाटेल, तर तसं नाही. पत्र्याचं शेड, त्यात दोन बंब, बाजूला फोनची खोली, मागे पाण्याची टाकी आणि ओले होज पाइप वाळत टाकायचा लोखंडी मनोरा. आजूबाजूला जिनिंग, डाळ मिल आणि शेतं मोडून उभी राहिलेली नवी घरं. आगीच्या निरोपाला आमच्यात वर्दी म्हणतात. वर्दी आली की घंटा वाजायची, आणि घंटा वाजली की तोंडातला घास तोंडात ठेवून पळायचं.

लोकांना वाटतं, ड्रायव्हरनं गाडी पोचवली की त्याचं काम संपलं. अहो, तिथून तर सुरू होतं! पंप तोच चालवतो. पुढे नोझल धरून उभ्या असलेल्या पोरांना पाण्याचा किती जोर द्यायचा, टाकीत पाणी किती उरलं, हे त्याच्या हातात. जोर एकदम वाढला तर नोझल हातातून सुटून पोराचं थोबाड फोडतं, आणि कमी पडला तर आग अंगावर येते. म्हणून आमचा पहिला नियम: काही झालं तरी ड्रायव्हरनं पंप सोडायचा नाही. मला हा नियम जमादारांनीच शिकवला, तोही शिव्या घालून.

कागदावर त्यांच्या पदाचं नाव इंग्रजी होतं आणि लांबलचक होतं. बोलताना केंद्राचे साहेबही जमादारच म्हणायचे. त्यांची बायकोसुद्धा फोनवर विचारायची, "तुमचे जमादार कुठी हायेत?" मला ते गाडीवान म्हणत. "ए गाडीवान, जुंप बैलं!" म्हणजे बंब बाहेर काढ. बुटका, काटक माणूस, मिशी अर्धी पांढरी, आणि पाय मात्र अंगाच्या मानानं मोठे, पसरट, बोटं एकमेकांपासून सुटलेली. आम्ही त्या पायांवरून त्यांची थट्टा करायचो, आणि त्याच पायांच्या भरवशावर घरी जाऊन झोपायचो.

कापसाची आग तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. ती पाण्याला भीत नाही. वरून कितीही पाणी मारा, वरचा थर भिजून त्याचं काळं पापुद्र्यासारखं कवच होतं आणि पाणी त्याच्यावरून वाहून जातं. आत निखारा हळूहळू सरकत राहतो. धूर नाही, आवाज नाही. बंब निघून गेला, माणसं पांगली की कुठून तरी हवा मिळते आणि गंजी एकदम उठते. रुईच्या गाठी असतील तर विचारूच नका.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका जिनिंगची आग विझवून झाली होती, भूक लागली होती, आणि मी खालून ओरडलो, "जमादार, चला ना आता, विझली!"

"हाव? ये वरत."

मी चढलो. "बूट काढ," म्हणाले. काढले. "काय लागते?"

"थंड."

त्यांनी माझं मनगट धरून मला वीतभर बाजूला ओढलं. "अन् इथी?"

तळपायाखाली ऊब होती. जास्त नाही, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणाला असते तेवढी. त्यांनी खालून लोखंडी आकडा मागवला, तिथंच खुपसला आणि ओढला. कवच फाटलं. आत लालभडक. माझ्या पायाखाली! मी मागच्या मागे असा घसरलो की थेट जमिनीवर आलो, आणि जमादार वर उभे राहून हसत होते.

"पाह्यलं? वरतून मेल्याचं सोंग घेते अन् आतून चालत राह्यते. लाकूड जळते तं सांगून जळते बाबू. कापूस चूप जळते."

हे त्यांना कोणी शिकवलं, असं विचारलं की म्हणायचे, बापानं. घरची काळी जमीन होती. पेरणीच्या आधी बाप जोडे काढून वावरभर फिरायचा आणि ओल कुठपर्यंत गेली ते पायानं सांगायचा. "माहा बाप ओल पाहे, म्या ऊब पाह्यतो. धंदा तोच हाय." एवढं बोलून ते पाय झटकायचे.

आमच्या केंद्रात मग रिवाजच पडला. जमादार खाली उतरून बूट चढवत नाहीत तोपर्यंत होज गुंडाळायचा नाही. पहिल्या फेरीला ते नेहमी "बसली हाय" म्हणायचे. मग आकड्यानं गंजी फोडायची, पाणी मारायचं, पुन्हा फेरी. दुसरी, तिसरी. मालक लोक वैतागायचे. एक मुनीम एकदा म्हणाला, "जमादारसाहेब, तुम्ही आग विझवता की प्रदक्षिणा घालता?" जमादार म्हणाले, "तुमी घाला ना माह्या बदल्यात. या, काढा जोडे." मुनीम दोन पावलं मागे सरकला. आणि मग कधीतरी वरून तो एक शब्द यायचा, "गेली." जमादार "गेली" म्हणाले की ती गेलेलीच असायची. त्यावर कोणी वाद घालत नसे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीत लोक रंग खेळायला निघायच्या आत हा माणूस तांब्या घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. प्रत्येक होळीच्या राखेत पाय घालायचा, जिथं ऊब लागेल तिथं पाणी ओतायचा. लहान पोरं राखेत खेळतात, गाई बसतात, म्हणून. बाया दारात सडा टाकता टाकता चिडवायच्या, "व माय, आले होळीचे देर!" देर म्हणजे दीर. ते मान खाली घालून हसायचे. घोट्यापर्यंत राखाडी झालेले त्यांचे पाय मला अजून दिसतात.

मग त्यांची शुगर निघाली.

"आगीनं नाई मारलं तं आता गोडानं मरतो," असं म्हणून त्यांनी आम्हाला हसवलं आणि बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायले. गोळ्या घ्यायचे. घेत असावेत. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वऱ्हाडात कोणाच्या घरी शुगर नाही?

एके दिवशी आम्ही चहाच्या टपरीकडे चाललो होतो. जमादार बोलत बोलत पुढे, आम्ही मागे. त्यांची एक चप्पल पायातून निसटली आणि रस्त्यात राहिली. ते चालत राहिले. एक पाय चपलेत, एक डांबरावर, आणि तोंडाची टकळी सुरूच. पोरं खो खो हसायला लागली. "जमादार, चप्पल तरी न्या संगं!" ते थांबले, खाली पाहिलं, तेही हसले. पण हसणं संपल्यावरही ते त्या पायाकडे पाहत होते. मला ते पाहणं आवडलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची वेळ. फोनच्या खोलीत नुकत्याच पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या. जमादार खुर्चीत बसून ओरडायला लागले, "कोण हाय बे भैताड? कायचं रगत सांडून रायले फरशीवर?" आम्ही धावलो. दारापासून लाल ठसे निघाले होते, एका पायाचे, पाच बोटांसकट. आम्ही नजरेनं ठशांमागून गेलो तर ते जमादारांच्या खुर्चीपाशी येऊन थांबत होते.

बाभळीचा काटा होता. चांगला बोटभर आत जाऊन मोडलेला. मी गाडीतली पकड आणली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि ओढला. ओढताना मीच दात आवळले. जमादार चहा पीत होते.

"दुखत नाई?" मी विचारलं.

"आपली कातडी जाड हाय गाडीवान."

त्या रात्री मला झोप लागली नाही. विचार करा ना तुम्ही! ज्या पायाला काटा कळत नाही, त्याला गंजीतली ऊब काय कळणार? आणि अख्खं केंद्र, अख्खी वस्ती, गंजीच्या आजूबाजूला झोपणारी माणसं त्या पायाच्या शब्दावर निर्धास्त होत होती. मी दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं. "डॉक्टरले दाखवा पाय." तर म्हणे, "पायाले काय दाखवायचं? पायच मले दाखवतात." वर मलाच डोळे वटारले.

शेवटी वहिनींचाच फोन आला. जमादारांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. बाई कधी रडल्याचं मला माहीत नाही, त्या दिवशी रडत होत्या. "भाऊजी, ते घमेल्यात पाय टाकून बसले होते. म्या पाणी काढाले हात घातला तं माहा हात पोळला. ते म्हणे, कोमट हाय. पाय लालबुंद, अन् ते मले म्हणतात कोमट हाय! भाऊजी, तुमाले हात जोडतो, त्याईले गंजीवर चढू देऊ नका."

मी सरळ साहेबांकडे गेलो. साहेब भला माणूस. त्यांनी जमादारांना गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं तळव्याला सुई टोचली, जमादारांना डोळे मिटून सांगायला लावलं. त्यांना काही सांगता आलं नाही. शुगरनं पायाच्या नसा खाल्ल्या होत्या, आणि ते परत यायचं नव्हतं. साहेबांनी त्याच दिवसापासून त्यांना फोनवर बसवलं. वर्दीवर जायचं नाही, बंबात चढायचं नाही.

जमादार माझ्याशी बोलेनासे झाले. एवढ्या वर्षांचा माणूस, समोरून गेलो तरी खिडकीबाहेर बघायचा. एकदाच बोलले. "गाडीवान, तू माहे पाय कापले." मला असा राग आला की काय सांगू! म्हटलं, "कापले तं कापले. लोकं तं वाचतीन." हे मी बोललो ते बरोबरच होतं, पण नंतर कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. कापसाचा ऐन हंगाम, आणि थंडी अशी की दुपारीही सावलीत बसवत नव्हतं. पातूरच्या घाटात गवत पेटलं म्हणून एक बंब साहेबांसकट तिकडे गेला. मागे राहिलो मी, दोन नवी पोरं आणि फोनपाशी जमादार. जेवणं झाली, आणि फोन वाजला. वर्दी त्यांनीच घेतली. घंटाही त्यांनीच वाजवली. मी बंब बाहेर काढतो तर शेजारच्या सीटवर जमादार, पायात गमबूट.

"तुमी नाई," मी म्हणालो.

"मंग कोण? हे दोन पोट्टे? त्याईनं कापसाची आग जन्मात पाह्यली नाई. खालीच उभा राह्यतो, तुही शपथ. चाल, जुंप!"

साहेबांचा फोन घाटात लागत नव्हता. वर्दी थांबत नाही. मी गाडी काढली.

जिनिंग ओळखीची होती. कापसाचं गोदाम पुढून उघडं, वर पत्रे, मागे विटांची भिंत. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला मजुरांच्या पत्र्याच्या खोपट्या. दर हंगामाला मेळघाटातून, सेमाडोहच्या बाजूची कोरकू कुटुंबं कामाला उतरायची, ती तिथं राहायची. आम्ही पोचलो तेव्हा त्या सगळ्यांना भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर काढलेलं होतं. बाया पोरांना पोटाशी धरून धुराकडे बघत होत्या.

जमादारांनी शब्द पाळला. खाली उभे राहिले आणि त्या दोन पोरांना असं काही वापरलं की मला जुने दिवस आठवले. "खालतून मार! ज्वाळेले काय मारतं बे, तिच्या बुडात मार!" उन्हं कलायला लागली तशी आग खाली बसली. पोरं काळीठिक्कर, माझे हात पंपावर आखडलेले.

आणि मग सगळे नेहमीप्रमाणे जमादारांकडे बघायला लागले. मालक बघायला लागला. हमाल बघायला लागले. रस्त्यावरून एक कोरकू बाई कडेवर लेकरू घेऊन पुढे आली आणि तिनं त्यांनाच विचारलं, "जाएँ क्या बाबू अंदर? ठंड हो रही है."

जमादारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खाली वाकले. आणि बूट काढले.

मी ओरडलो. पंपाच्या आवाजात मलाच माझा आवाज आला नाही. पोरं नोझल धरून उभी होती, पाणी सुरू होतं, पंप सोडता येत नव्हता. खुणा करून पोरांना नोझल बंद करायला लावली, पंपाचा जोर उतरवला, धावत गेलो, तोवर जमादार भिंतीपर्यंत जाऊन परत येत होते. चेहरा असा उजळलेला की लग्नातल्या नवऱ्या मुलाचा नसेल.

"गेली," ते म्हणाले.

पहिल्याच फेरीला! मी तसाच वर चढलो, बूट काढून पुढच्या बाजूला फिरलो. थंड होतं. भिंतीकडे जायला निघालो तर त्यांनी खालून सगळ्यांसमोर आवाज दिला, "उतर बे! तुह्या पायाले काय समजते?" मालक हसला, हमाल हसले, आणि मी उतरलो. भांडी उचलून बाया खोपट्यांकडे निघाल्या, पोरांनी होज गुंडाळायला घेतला.

परत येताना जमादार माझ्या शेजारी बसले. बूट घातले नव्हते, पाय वाळू दे म्हणून समोर पसरले होते. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते, आणि बोलणं थांबतच नव्हतं. "डॉक्टर सुई टोचते अन् म्हणते पाय मेले. पाह्यलं नं? अजून जित्ते हायेत म्हणलं. उद्या साहेबाले तूच सांग." मी हूं हूं करत होतो. खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं. आमचं भांडण मिटलं होतं.

बायपासच्या चौकात ट्रक आडवा आला म्हणून थांबलो. मावळतीचं ऊन काचेतून तिरपं आत आलं आणि त्यांच्या तळपायांवर पडलं.

उजव्या तळव्यावर टम्म फोड आला होता. टाचेची कातडी सुटून लोंबत होती.

"जमादार."

"काय?"

"पाय पाहा."

त्यांनी पाय मांडीवर ओढला. पाहिला. अंगठ्यानं फोड दाबला. पुन्हा दाबला, जोरात. पाय भाजला होता, म्हणजे गंजी तापलेली होती. आतून चालत होती ती, आणि आम्ही माणसांना तिच्या पाठीशी झोपायला पाठवून आलो होतो. मग जमादारांचा आवाज निघाला, मी कधी न ऐकलेला.

"गाडी फिरव."

सायरन लावून मी तो बंब कसा नेला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की जमादार सारखे एकच वाक्य म्हणत होते, "पोट्टे झोपले असतीन. पोट्टे झोपले असतीन."

फाटकातून आत शिरलो तर सगळं शांत. धूर नाही, वास नाही. दिवे नुकते लागले होते. आम्ही खोपट्यांच्या बाजूला गेलो, आणि जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळी बिऱ्हाडं गोदामाच्या भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसली होती. लेकरं गोधड्यांत गुंडाळून भिंतीच्या बुडाशी झोपवली होती, अगदी चिकटवून. मघाचीच ती बाई भाकरी थापत होती. आम्हाला पाहून हसली.

"आज दीवाल गरम है बाबू," ती म्हणाली. "बच्चे जल्दी सो गए."

मग काय झालं ते एकदमच झालं. आम्ही ओरडलो, पोरांना ओढलं, बाया किंचाळायला लागल्या. मी बंबाकडे पळालो, पंप धरला. नोझलवाली पोरं पुढे झाली. तेवढ्यात आतून गंजी उठली. पत्रे कडाडले, भिंतीला वरपासून चीर गेली आणि मधला भाग खोपट्यांवर कोसळला. लाल विटा, जळता कापूस, ठिणग्या. माणसं निघाली होती. सगळी निघाली असं वाटलं, आणि ती भाकरीवाली बाई छाती पिटत परत त्याच बाजूला धावली. तिचं धाकटं राहिलं होतं.

माझे हात पंपावर होते. नियम होता.

जमादार गेले. बूट तसेच गाडीत राहिलेले, अनवाणी गेले. त्या पडलेल्या विटांवरून, निखाऱ्यांवरून ते चालत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पळाले नाहीत. ज्याला चटका बसतो तो उड्या मारतो, पाऊल चुकवतो, मागे फिरतो. जमादार वावरातून चालावं तसे सावकाश, वाट बघत बघत गेले. एका कलंडलेल्या पत्र्याखालून त्यांनी गोधडीसकट पोर उचललं आणि तसेच परत आले. पोराला ओरखडाही नव्हता. ते झोपेतून उठल्यासारखं रडत होतं.

मी खाली पाहिलं नाही. त्यांच्या पायांकडे मला बघवलं नाही.

दवाखान्यात पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. मी स्टुलावर बसलो. ते छताकडे पाहत होते.

"सगळे निघाले नं?"

"निघाले."

"अन् ते पोट्टं?"

"तेही निघालं. तुम्हीच तं आणलं."

त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गाडीवान, म्या खोटं नाई बोललो रे. म्या चढलो, उभा राह्यलो, तं पायाले काईच लागलं नाई. काईच. म्या त्यालेच थंड समजलो."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला रडू आवरलं नाही. बाहेर वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या समोरच मी रडलो.

शुगरची जखम. आधी उजवा पाय गेला, मग डावा. मी रोज जायचो आणि रोज तेच दोन प्रश्न. सगळे निघाले ना? ते पोर? शेवटी शेवटी तर मी दारात दिसलो की आधीच सांगून टाकायचो, "निघाले, जमादार, सगळे निघाले." त्यांना तेवढं पुरायचं. उन्हाळा लागला, होळी झाली. त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या राखा कोणी तपासल्या नाहीत. वैशाखात जमादार गेले.

दर्शनाला खूप लोक आले. जिनिंगवाले, हमाल, वस्तीतल्या बाया. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या पाया पडतात. लोक वाकायचे आणि हात सपाट चादरीवर पडायचा. मग गोंधळून तो हात तसाच कपाळाला लावून बाजूला व्हायचे. मी ते दोनचार वेळा पाहिलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

राख सावडायला तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जमादारांचा मुलगा, त्याचे काका, साहेब आणि मी. चपला बाहेर काढल्या होत्या. रात्रीच कोणी पाणी शिंपडून गेलं होतं, वरची राख ओली, काळपट, गार दिसत होती. मुलगा मडकं घेऊन वाकला, अस्थी वेचायला त्यानं हात पुढे केला.

माझं पाऊल कडेच्या राखेवर पडलं होतं. मी ते तिथंच दाबलं. वीतभर पुढे टाकलं आणि पुन्हा दाबलं.

"थांब बाबू," मी म्हणालो. "इझली नाई. बसली हाय."

त्यानं हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या शब्दांवर तोही लहानाचा मोठा झाला होता. त्यानं तांब्या ओतला. राखेतून सूं करून वाफ निघाली. दुसरा ओतला, तिसरा ओतला. मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले, आता मी पुढचा शब्द बोलेन म्हणून. पायाखाली गार लागत होतं. चांगलं गार. पण मला कितीतरी वेळ "गेली" म्हणायला तोंड झालं नाही.